वार, गर्भवती आणि कोरोना : एक अभ्यास

एखाद्या माणसाचा गावात फार जीव गुंतलेला असला, की 'त्याची नाळ तिथे पुरली आहे' असे आपण म्हणतो. हे नुसते बोलणे नव्हे. आजी-पणजीच्या काळात बाळंतपण घरातच होई आणि बाळाच्या पाठोपाठ पडलेली वार सुईण मडक्यात घालून न्हाणीच्या कडेला किंवा परसात खोल पुरून टाकी. कुत्र्या-मांजराने उकरू नये म्हणून वर दगड ठेवीत. पुढे बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, तेव्हा वार पिवळ्या पिशवीत जाऊ लागली आणि तेथून जाळण्यासाठी. पुरली काय किंवा जाळली काय, एक गोष्ट दोन्ही काळांत सारखीच राहिली. तिच्याकडे कुणी निरखून पाहिले नाही.

प्रस्तुत लेख ह्या वारेविषयी आहे. गरोदरपणात आईला कोरोनाचा संसर्ग झाला, तर वारेवर काय परिणाम होतो आणि त्यातून पोटातल्या बाळाचे काय होते, एवढाच प्रश्न मी घेतला आहे. मी कला शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेतली. वैद्यकशास्त्राचा मला अधिकार नाही. पण ह्या विषयाचा अभ्यास करावा असे एक निमित्त घरातच घडले.

२०२१ च्या मे महिन्यात, म्हणजे दुसरी लाट ऐन भरात असताना, माझ्या भाचीला आठवा महिना चालू होता. पहिलटकरीण. तीन आठवड्यांपूर्वी तिला दोन-तीन दिवस ताप येऊन गेला होता, तोंडाची चव गेली होती. त्या दिवसांत घरोघरी तेच होते, म्हणून कुणी तपासणी केली नाही. मग एके दिवशी बाळाची हालचाल मंदावल्याचे तिच्या ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले तेव्हा ठोके लागत नव्हते. दाखल करताना नाकातला नमुना घेतला, तो निगेटिव्ह आला. मुलगा झाला, मृत. दिसायला अगदी धडधाकट, कुठे काही व्यंग नाही. कागदावर कारणाच्या जागी 'अज्ञात' असे लिहिले गेले. वार पिवळ्या पिशवीत गेली.

कागदावर अज्ञात असले तरी घरात कारणे पुष्कळ निघाली. पपई खाल्ली असेल, अमावास्येला वेशीबाहेर गेली होती, जिना चढत-उतरत होती, पायगुणच तसा. सासरच्या वडीलधाऱ्या बायकांनी हे सगळे तिच्या समोर म्हटले. मी भेटायला गेलो तेव्हा तिने मला एवढेच विचारले, "मामा, मनं काय चुकनं?"

मला उत्तर देता आले नाही. तिच्या बाळाला नेमके काय झाले ते आजही सांगता येणार नाही, कारण ज्या वस्तूने ते सांगितले असते ती जळून गेली. आमच्या धंद्याच्या भाषेत, नोंद आहे आणि व्हाउचर हरवले आहे. पण त्यानंतर मी जे मिळेल ते वाचत गेलो, ओळखीच्या डॉक्टरांना विचारत गेलो. त्यातून जे हाती लागले ते सभासदांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

प्रथम वार म्हणजे काय ते पाहू. नाळ आणि वार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बोलताना आपण त्यांची गल्लत करतो. नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीपासून निघालेली दोरी. ती ज्या थाळीसारख्या मांसल गोळ्याला जाऊन मिळते तो गोळा म्हणजे वार. वैद्यकीय पुस्तकांत तिला 'अपरा' म्हणतात. दिवस भरल्यावर तिचे वजन साधारण अर्धा किलो असते, म्हणजे बाळाच्या वजनाच्या सुमारे एक षष्ठांश. रुंदी वीतभर, जाडी जेमतेम इंचभर. नऊ महिने बाळाची फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि अन्नमार्ग ह्या सर्वांचे काम ही एकटी वार करते.

पुष्कळांना ठाऊक नसलेली एक बाब येथे नमूद करावीशी वाटते. वार आईच्या पोटात वाढते खरी, पण ती मुख्यतः बाळाच्या पेशींची बनलेली असते. ज्या एका फलित बीजातून बाळ होते, त्याच बीजातून वार होते. म्हणजे तिच्यात आईचा जेवढा अंश आहे तेवढाच बापाचाही आहे. वारेत काही बिघाड झाला की 'हिच्यातच दोष' असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

आईचे रक्त आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. माझ्यासारख्याला हे बँकेच्या उदाहरणाने लवकर समजले. दोन खाती स्वतंत्र, मधे काउंटर, आणि सगळा व्यवहार काउंटरच्या खिडकीतून. वारेत झाडाच्या मुळ्यांसारखे बारीक बारीक असंख्य अंकुर असतात. अंकुरांच्या आत बाळाचे रक्त फिरते. बाहेर, अंकुरांच्या मधल्या पोकळीत, आईचे रक्त खेळते. दिवस भरत आले की मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून थोडे अधिक रक्त आईच्या गर्भाशयाकडून ह्या पोकळीत येते. दोहोंच्या मधे पेशींचा एक पातळ पडदा असतो. त्याच्यातून प्राणवायू आणि पोषण आत जाते, बाळाने टाकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. सर्व अंकुरांचा पृष्ठभाग पसरून मांडला तर दहा-बारा चौरस मीटर भरेल, म्हणजे एका खोलीच्या जमिनीएवढा. एवढी मोठी जागा वीतभर थाळीत घडी करून ठेवलेली आहे.

अंकुरांवरचा सर्वांत बाहेरचा थर फार विशेष आहे. त्यातील पेशींना आपापल्या भिंतीच नसतात, सगळ्या मिळून एक अखंड चादर तयार होते. दोन पेशींमधली फट म्हणून जंतूला शिरायला जागा राहत नाही. ह्याच कारणामुळे आईला सर्दी-पडशापासून कितीतरी रोग झाले, तरी बहुतेकांची झळ बाळापर्यंत पोचत नाही. काही जंतू मात्र ही चादर ओलांडतात. उपदंश, रुबेला, ब्राझीलमध्ये २०१५ च्या सुमारास गाजलेला झिका, ही त्यांची उदाहरणे. मलेरियाचा परजीवी तर अंकुरांमधल्या पोकळीतच ठाण मांडतो आणि बाळाचे वजन घटवतो.

२०१९ च्या अखेरीस कोरोनाचा नवा विषाणू आला, तेव्हा तो ह्यांपैकी कोणत्या गटात बसतो हे कुणालाच माहीत नव्हते. तो मानवी पेशीत शिरतो तो 'एस-टू' नावाच्या प्रथिनाच्या कडीला धरून, आणि शिरण्यासाठी त्याला आणखी एका प्रथिनाची मदत लागते. वारेच्या पेशींवर ही कडी असते, पण मदतनीस प्रथिन तिच्यासोबत फारसे आढळत नाही, असे २०२० मध्येच काही शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्यामुळे वार बऱ्यापैकी सुरक्षित असावी असा अंदाज बांधला गेला. तो अंदाज बऱ्याच अंशी खरा ठरला. जगभरचे अहवाल एकत्र करून पाहिले, तेव्हा कोरोनाग्रस्त मातांच्या शंभर बाळांपैकी साधारण दोनच बाळांची तपासणी पॉझिटिव्ह आल्याचे दिसले, आणि त्यांतील काहींना संसर्ग जन्मानंतर झालेला असणार. ज्या भगिनींना गरोदरपणी कोरोना झाला आणि बाळ सुखरूप आहे त्यांनी हा लेख वाचून आता मागाहून धास्ती घेण्याचे कारण नाही. असे घर बहुसंख्य आहे.

बऱ्याच अंशी खरा, म्हणजे सर्वस्वी नव्हे. आपल्या महाराष्ट्रातच त्याचे दोन पुरावे मिळाले.

पहिला पुण्याचा. २०२० च्या जुलै महिन्यात पुण्याच्या ससून सर्वसाधारण रुग्णालयाने एका बाळाची हकिकत जाहीर केली. आईला बाळंतपणाच्या आठवडाभर आधी ताप येऊन गेला होता. तिची नाकाची तपासणी निगेटिव्ह होती. बाळाची मात्र पॉझिटिव्ह आली. मग नाळ आणि वार तपासली, तर दोन्हींत विषाणू सापडला. दोन-तीन दिवसांनी बाळाला ताप आला, ते मलूल झाले, अंगात तीव्र दाह सुरू झाला. अतिदक्षता विभागात उपचार करून डॉक्टरांनी ते वाचविले. पुढे केलेल्या रक्ततपासणीत आई आणि बाळ दोघांतही कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली, म्हणजे आईला संसर्ग होऊन गेला होता हे निश्चित झाले. वारेतून बाळाला कोरोना झाल्याचा देशातील हा पहिला नोंदलेला प्रसंग असल्याचे तेथील बालरोग विभागाच्या प्रमुख डॉ. आरती किणीकर यांनी सांगितले होते.

विद्यार्थी मित्रांनी ह्यातला एक धागा पकडून ठेवावा. आईचे नाक निगेटिव्ह होते आणि वार पॉझिटिव्ह होती. ससूनमध्ये वार तपासली नसती तर बाळाला संसर्ग कुणा नर्सकडून झाला, दाईकडून झाला, असेच म्हटले गेले असते.

दुसरा पुरावा मुंबईचा, आणि तो अधिक मन हेलावणारा आहे. परळ येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आहे. तेथील डॉ. दीपक मोदी, डॉ. राहुल गजभिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्त्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. गर्भ आठ आठवड्यांचा असताना नेहमीच्या तपासणीत तिला कोरोना असल्याचे कळले. तिला ताप नाही, खोकला नाही, कसलेही लक्षण नाही. पाच आठवड्यांनी पुन्हा तपासले तर नाकात विषाणू नव्हता, पण सोनोग्राफीत गर्भ दगावलेला आढळला आणि त्याच्या अंगात पाणी साठलेले होते. वार तपासली तेव्हा विषाणू तिच्यात होता. गर्भाभोवतालच्या पाण्यात आणि पडद्यांतही होता. आईच्या घशातून पाच आठवड्यांत निघून गेलेला रोग वारेत दबा धरून राहिला होता. आईला मात्र आपण आजारी होतो हे जाणवलेही नव्हते.

विषाणू वारेत शिरला म्हणजे नेमके काय करतो? जगातल्या निरनिराळ्या देशांतील पॅथॉलॉजिस्ट मंडळींनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जे चित्र मांडले ते असे. आईच्या रक्तातून विषाणू अंकुरांच्या बाहेरच्या चादरीवर उतरतो. चादरीच्या पेशी मरू लागतात. मेलेल्या पेशी साफ करण्यासाठी आईच्या रक्तातील भक्षक पेशी त्या पोकळीत जमा होतात आणि गर्दी करून बसतात. त्याचबरोबर 'फायब्रिन' नावाचा चिकट, धाग्यासारखा पदार्थ अंकुरांभोवती साचत जातो. जखमेवर रक्ताची खपली धरते ती ह्याच फायब्रिनच्या जाळ्याने. जखमेवर तो उपकारक आहे. वारेत मात्र तो साचला की अंकुर त्यात लिंपले जातात, आईचे रक्त त्यांच्यापर्यंत पोचत नाही. काउंटरच्या खिडक्या एकेक करून बंद होत जातात. बाहेर रांग आहे, आत तिजोरी आहे, व्यवहार मात्र ठप्प. मरणे, गर्दी होणे आणि लिंपले जाणे ह्या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे तिला 'कोरोनाचा वारदाह' म्हणता येईल.

डेव्हिड श्वार्ट्झ ह्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टच्या पुढाकाराने १२ देशांतील ६८ बाळांच्या वारा एकत्रितपणे अभ्यासल्या गेल्या. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ६४ बाळे मृतजन्माची होती आणि ४ जन्मल्यानंतर लवकरच दगावलेली. वारेचा सरासरी ७७.७ टक्के भाग निकामी झालेला होता. वारेला राखीव शक्ती बरीच असते, थोडाफार भाग बंद पडला तरी बाळ निभावून नेते. पण चारांतल्या तीन खिडक्या बंद झाल्यावर कुणाचे निभावणार? ह्या बाळांच्या स्वतःच्या अवयवांत विषाणूने केलेली मोठी नासधूस सहसा आढळली नाही. बाळ रोगाने गेले नाही, प्राणवायू न मिळाल्याने गेले. दिसायला धडधाकट, कुठे व्यंग नाही. हे वाक्य वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते.

आणखी दोन गोष्टी त्या आणि तशाच इतर अभ्यासांत दिसल्या. पुष्कळ मातांचा आजार सौम्य होता, तेव्हा आईचा आजार किती मोठा ह्यावरून वारेचे नुकसान ठरत नाही. आणि वारेचा हा दाह झपाट्याने, आईच्या संसर्गानंतर थोड्याच आठवड्यांत होतो. बाळाची हालचाल कमी झाल्याचे आईच्या ध्यानात येणे, हीच अनेकींच्या बाबतीत पहिली खूण होती.

हा वारदाह विरळा आहे, हे पुन्हा सांगतो. त्याहून अधिक वेळा आढळले ते सौम्य बदल. आईकडून वारेला होणारा रक्तपुरवठा कमी पडल्याच्या खुणा, बाळाच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांत लहान गुठळ्या. शिकागो येथील डॉक्टरांनी २०२० च्या मे महिन्यातच १६ स्त्रियांची वार तपासून अशा खुणा नोंदविल्या होत्या. नंतरच्या काही अभ्यासांत कोरोना झालेल्या आणि न झालेल्या मातांच्या वारेत फारसा फरक आढळला नाही. शास्त्रज्ञांत ह्यावर एकमत नाही, आणि ते नसावे यात काही वावगे नाही. मोजणाऱ्याने मोजत राहावे.

मोजण्याचे असेच एक मोठे काम आपल्या राज्यात झाले. वर उल्लेखिलेल्या परळच्या संस्थेने राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या मदतीने 'प्रेगकोव्हिड' नावाची नोंदवही सुरू केली. पहिल्या लाटेत १९ वैद्यकीय महाविद्यालयांतून ४२०३ कोरोनाग्रस्त गर्भवतींची नोंद झाली. बहुसंख्य स्त्रियांना लक्षणेच नव्हती, लक्षणे होती ती ५३४ जणींना. पण मुदतीपूर्वी प्रसूत झालेल्या ५२८ निघाल्या, म्हणजे शंभरी १६ हून अधिक. रक्तदाबाचे विकार ३२८ जणींत आढळले, आणि गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकाराचे मूळ बरेचदा वारेतच असते. गर्भपात आणि मृतजन्म धरून शंभरी ६ गर्भ हाती लागले नाहीत. ३४ माता दगावल्या. रक्तक्षय, क्षयरोग आणि मधुमेह ज्यांना आधीपासून होता, त्यांच्या मृत्यूचा धोका अधिक दिसला.

त्या ४२०३ मध्ये आपल्या खानदेशच्या किती? १६०. त्यांतील एक माता दगावली. आकडा पाहून मला प्रथम बरे वाटले, आणि नंतर आयुष्यभर खतावण्या लिहिणाऱ्या माणसाला जी शंका यायला हवी ती आली. नोंदवहीत तीच नोंद येते जी काउंटरपर्यंत पोचते. तोरणमाळच्या वाटेवरची किंवा नर्मदेकाठच्या पाड्यावरची बाई वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोचली कधी, की तिची नोंद व्हावी? २०२० च्या टाळेबंदीत तिकडची माणसे अंगणवाडीतही येईनाशी झाली, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे ह्या स्वतः होडी वल्हवत नर्मदेतून पाड्यांवर जात. लहान मुलांची वजने घेत, गर्भवतींची विचारपूस करून त्यांना आहार देत. त्यांची बातमी त्या वेळी देशभर छापून आली. कौतुक झाले ते योग्यच. पण त्या होडीत वजनकाटा होता, कोरोनाची तपासणी नव्हती. दोष त्यांचा नव्हे, हे सांगायला नको.

आणि रक्तक्षयाचे म्हणाल, तर आपल्या जिल्ह्याला ते नवीन नाही. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा बांधवांत सिकल सेलचे वाहक लक्षणीय संख्येने आहेत. सिकल सेल असलेल्या मातेच्या वारेचा रक्तपुरवठा आधीच अडखळत असतो. अशा वारेवर कोरोना आला तर तिच्याजवळ राखीव ते काय उरणार?

दुसऱ्या लाटेचा हिशेब आणखी वाईट आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयाने आपल्याकडील १५३० गर्भवती आणि बाळंतिणींची तुलना केली. पहिल्या लाटेतील ११४३ जणींत मृत्यूचे प्रमाण शंभरी ०.७ होते. दुसऱ्या लाटेतील ३८७ जणींत ते शंभरी ५.७ झाले, म्हणजे आठ पट. हे आकडे मातांचे. बाळांच्या बाबतीत अमेरिकेत १२ लाखांहून अधिक बाळंतपणे मोजली गेली. तेथे कोरोना नसलेल्या मातांत मृतजन्माचे प्रमाण शंभरी ०.६४, तर कोरोना असलेल्यांत १.२६ निघाले. दुसऱ्या लाटेला जो कारण झाला तो डेल्टा प्रकार पसरला, तेव्हा धोका चौपट झाला.

येथे लसीचा विषय येतो. आपल्या देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले, पण गर्भवतींना त्यातून वगळले होते. त्यांना लस देण्याची परवानगी केंद्र शासनाने दिली ती २ जुलै २०२१ रोजी. सावधगिरीचा हेतू समजू शकतो. गरोदर स्त्रियांवर लसीच्या चाचण्या झालेल्या नव्हत्या. पण एप्रिल आणि मे हे दोन महिने, ज्या काळात विषाणूचा सर्वांत घातक प्रकार गावोगाव फिरत होता, त्याच काळात पोटुशी बाई लसीच्या रांगेबाहेर होती. त्याच्या आदल्या वर्षी एप्रिल ते जून जनधनचे पाचशे-पाचशे रुपये काढायला ती आमच्या बँकेच्या रांगेत मात्र उन्हात उभी होती, हे मी माझ्या खिडकीतून पाहिले आहे. श्वार्ट्झ यांच्या अभ्यासातील वारदाहाने बाळे गमावलेल्या माता लस न घेतलेल्या होत्या. लसीमुळे आईच्या रक्तात जी प्रतिपिंडे तयार होतात ती वार ओलांडून बाळाकडेही जातात, हे आता पक्के ठाऊक झाले आहे. लसीकरण आणि होऊन गेलेले संसर्ग ह्यांमुळे, तसेच पुढे आलेला ओमायक्रॉन प्रकार वेगळा असल्यामुळे, असा वारदाह २०२२ नंतर फारच क्वचित आढळू लागला.

मग आता हे सर्व कशाला, असे कुणी विचारील. कोरोनाचे संकट ओसरले, पण गर्भवतीला ताप येणे थांबलेले नाही. मृतजन्मही थांबलेले नाहीत, आणि 'अज्ञात' हा शब्दही तसाच आहे. म्हणून डॉक्टरांना विचारून घेतलेल्या काही व्यवहाराच्या गोष्टी येथे देतो.

गरोदरपणात ताप आला तर तो अंगावर काढू नये. सातव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर 'उद्या बघू' म्हणू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा. माझ्या भाचीच्या घरी एक रात्र थांबले होते. थांबले नसते तर बाळ वाचले असते असे मी म्हणत नाही, पण तो एक प्रश्न तरी मागे राहिला नसता.

मूल मृत जन्मले, फार कमी वजनाचे झाले किंवा फार लवकर झाले, तर वार तपासणीला पाठवावी अशी विनंती डॉक्टरांना करता येते. आपल्याकडे प्रत्येक बाळंतपणात वार पॅथॉलॉजीकडे पाठविण्याची पद्धत नाही, त्यामुळे ती विनंती वेळेवर, म्हणजे वार पिवळ्या पिशवीत जाण्यापूर्वी करावी लागते. नातेवाइकांपैकी एकाने भान ठेवून हे काम आपल्याकडे घ्यावे, कारण त्या घटकेला आई-बाप बोलण्याच्या स्थितीत नसतात. वार फॉर्मॅलिन ह्या द्रावणात रुंद तोंडाच्या बरणीत ठेवून पाठवितात, म्हणजे ती सडत नाही. विषाणूची चाचणी करायची असेल तर त्यासाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकण्यापूर्वी वेगळा काढतात, तेव्हा आधी ताप येऊन गेला असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सोबतच्या चिठ्ठीवर किती आठवडे झाले, ताप केव्हा आला, रक्तदाब, सिकल सेल, जे असेल ते लिहावे लागते. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पूर्वीपासून आहे आणि २०२० पासून नंदुरबारलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की पॅथॉलॉजीचा विभाग आलाच. रनाळ्याच्या माणसाला आता त्यासाठी पुण्या-मुंबईला जावे लागू नये.

तपासणीतून प्रत्येक वेळी कारण सापडतेच असे नाही. पण संसर्ग, रक्तपुरवठ्यातील अडथळा, नाळेतील गुठळी, ह्यांपैकी काही आढळले तर पुढच्या खेपेला डॉक्टर आधीपासून सावध राहतात. आणि घरातल्या पपईची आणि पायगुणाची चर्चा बंद करायला हातात एक कागद येतो.

माझ्या भाचीला २०२३ मध्ये मुलगी झाली. बाळंतपणाच्या वेळी जावयाने सिस्टरला आधीच सांगून ठेवले होते की वार फेकू नका, आम्हाला तपासायची आहे. सिस्टरने वार ट्रेमध्ये पसरली, उलट-सुलट करून ती अखंड आहे ना ते पाहिले, कारण तुकडा आत राहिला तर बाईला रक्तस्राव होतो. मग त्याला बाहेर येऊन सांगितले, की वार पूर्ण पडली आहे, बाळाचे वजन चांगले आहे, रडणे चांगले आहे, पाठविण्याची गरज नाही. जावयाने मला फोन करून विचारले, "मामा, काय करू?" मी म्हटले, सिस्टर सांगतात तसे करा.